बंद कारखान्याकडे जाणारी वाफ

“एक युनिट बंद पडलं. दोघांचं उत्पादन खाली आलं. मग कोळसा तेवढाच कसा जळतो, मॅडम?”

वानखेडे साहेबांनी हे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर काही दिसत नव्हतं. जानेवारीतली सकाळ होती. समुद्रावरून धुकं वर चढलं होतं आणि पार्कच्या बॉयलरची चिमणी कंबरेपासून वर नाहीशी झाली होती. धूर कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं ते सांगता येत नव्हतं. मला तिथे बोलावलं होतं ते मात्र नेमकं तेच सांगायला.

मी एनर्जी ऑडिटर. कारखान्यात जायचं, इंधन आणि वीज कुठे किती जाते ते मोजायचं, आणि वाया कुठे जाते ते शोधायचं, हे माझं काम. पुण्यात राहून सगळा महाराष्ट्र फिरले. अलीकडे याच कामाला कार्बनचं नाव लागलं. हा इंडस्ट्रियल पार्क मात्र माझ्याच तालुक्यात होता. माझं माहेर मसुऱ्याचं. तिथून पार्क तासाभराच्या आत, सड्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात तो हिरवा असतो, एरवी भाजलेल्या विटेच्या रंगाचा. त्या सड्यावर पाच कारखाने आणि त्यांच्या मध्ये एक सामाईक बॉयलर हाउस. तिथे कोळसा जाळून वाफ करायची आणि ती जाड पाइपांमधून पाचही ठिकाणी पाठवायची. पाइप जमिनीपासून पुरुषभर उंचीवर खांबांवरून गेलेले. लांबून बघितलं तर सड्यावर कोणी पांढऱ्या दोऱ्या ताणून ठेवल्यात असं वाटे.

वानखेडे साहेब पार्कचे मॅनेजर. मूळचे अमरावतीकडचे. भला माणूस, पण त्या दिवसांत त्यांची झोप उडाली होती. पार्कातलं सगळ्यांत मोठं युनिट लोखंडी सांगाड्यांना जस्ताचा मुलामा देणारं होतं. त्यांच्या परदेशी ग्राहकाने विचारलं होतं, तुमच्या एका टन मालामागे किती कार्बन हवेत जातो? आकडा दिला तर तो आधीच्या वर्षापेक्षा वाढलेला. ग्राहकाने कारण विचारलं आणि तपासणीसाठी माणूस पाठवतो म्हणून कळवलं. कारण पटलं नाही तर ऑर्डर दुसरीकडे. ते युनिट गेलं की बॉयलर उरलेल्यांना परवडणार नाही. म्हणजे सगळा पार्कच बसणार.

“सोलर लावू का?” वानखेडे म्हणाले. “गेटवर झाडं लावलीत दोनशे. त्यांचा फोटो चालेल?”

“फोटो ठेवा,” मी म्हटलं. “आधी बघू या.”

हे जरा समजावून सांगते. मोठ्या औद्योगिक पार्कातला कार्बन कशावर ठरतो? पहिलं, काय जाळता. कोळसा, तेल की लाकडाचा भुसा. दुसरं, ते कसं जाळता. दहा जणांच्या भाताच्या टोपात एकट्याचा भात शिजवला तर सरपण जवळजवळ तेवढंच लागतं. बॉयलरचंही तसंच. मोठ्या बॉयलरकडून थोडी वाफ मागितली की तो आळशासारखा, अर्धवट जळतो. तिसरं, वीज कुठून येते. चौथं, ट्रक किती लांबून येतात आणि गेटवर किती वेळ इंजिन चालू ठेवून उभे राहतात. आणि पाचवं म्हणजे गळती. पाइप लांब, त्यांच्यावरचं आवरण फाटलेलं, वाफ वाटेतच थंड होते. जळलेल्या कोळशाचं वजन केलं आणि त्यातून निघालेल्या वायूचं केलं, तर वायूचं वजन कितीतरी जास्त भरतं, कारण हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन मिळतो. मी हे पहिल्यांदा शिकले तेव्हा कितीतरी दिवस मला चिमणीकडे बघून ते ओझं जाणवत असे. इतकं जड आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही.

कागद बघून दोन कारणं पहिल्याच दिवशी सापडली. बॉयलर आता गरजेपेक्षा मोठा झाला होता. कोळसा उघड्यावर पडून ओला होत होता, आणि ओला कोळसा आधी स्वतःचं पाणी उडवायलाच जळतो. पण दोन्ही जमेला धरूनही आकडा जुळेना. कुठेतरी बरीच वाफ जात होती आणि कुठे पोचत नव्हती.

मग मी पाइपांबरोबर चालायला लागले. सोबत इब्राहिमभाई. हे बॉयलर अटेंडंट. आधी बरीच वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेली. पांढरी दाढी, निळा डगला आणि हातात हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक ते पाइपावरच्या स्टीम ट्रॅपला लावायचे आणि मूठ कानाला. स्टीम ट्रॅप म्हणजे वाफेतलं थंड झालेलं पाणी बाहेर सोडणारा आणि वाफ अडवणारा छोटा दरवान.

“हेका कान लावा,” ते म्हणायचे. “जितो ट्रॅप टिकटिक करता. मेलेलो नुसतो फुसफुसता.”

मी कान लावायची. टिक. टिक. टिक. जिथे नुसती फुसफुस, तिथे मी खडूने फुली मारायची. असे तीन दिवस. सकाळी धुक्यात सुरुवात करायची, दुपारी सडा तापायचा, काजूच्या मोहराचा गोडसर वास यायचा, आणि खाली लांबवर समुद्र एखाद्या पत्र्यासारखा चमकत असायचा. मधूनच मला वाटे, मी कामावर नाहीच. शाळेतून घरी जातेय आणि वाट संपत नाहीये.

तीन दिवसांत बाराएक फुल्या झाल्या. तरी आकडा जुळला नाही.

चौथ्या दिवशी मी लवकर पोचले. इब्राहिमभाई यायचे होते. धुकं इतकं दाट की गेटवरचा वॉचमन आवाजावरून ओळखला. मी एकटीच चालत सुटले. थंड असलेल्या सगळ्या गोष्टींवर दव पडलं होतं. कुंपणाच्या तारेवर, पत्र्यांवर, पाण्याच्या पाइपावर. थेंब ओघळत होते. चालता चालता मी एका पाइपाखाली थांबले. तो पूर्ण कोरडा होता.

पार्कच्या टोकाला रबराचा कारखाना होता. कन्व्हेयर बेल्ट करायचा. तो बंद पडला होता आणि त्याच्या लाइनवरचा मीटर केव्हापासून शून्य दाखवत होता. शून्य म्हणून आम्ही ती लाइन बघितलीच नव्हती. हा कोरडा पाइप त्याच लाइनचा होता. एके ठिकाणी वादळात आवरणाचा पत्रा उडालेला होता आणि आतली काचेची लोकर लोंबत होती. तिथे जवळ हात नेला. माणसाच्या श्वासासारखी ऊब आली.

मी पाइपाच्या मागोमाग गेले. शेवटी कारखान्याचं लोखंडी दार लागलं. अर्धं उघडं होतं.

आत गेले तेव्हा आधी मला काही कळलंच नाही. बाहेर अंग काकडत होतं आणि आत एखाद्या घरात शिरावं तशी ऊब. वरच्या फुटक्या काचांतून धुरकट उजेड येत होता. सात मोठे प्रेस ओळीने उभे होते. प्रेस म्हणजे दोन गरम लोखंडी पाट, त्यांच्यामध्ये कच्चं रबर दाबून शिजवायचं. पहिल्या प्रेसवर दोन मांजरं अंग सैल सोडून झोपली होती. तिसऱ्यावर चहाची किटली होती. शेवटच्या प्रेसजवळ एक वयस्क माणूस फडक्याने लोखंड पुसत होता. खाकी शर्टाला इस्त्री केलेली. खिशाला पेन.

“कोण पाहिजे?” तो दचकून म्हणाला. “हे युनिट बंद आहे, मॅडम.”

“बंद आहे तर प्रेस गरम कसे?”

त्याने फडकं घडी घालून बाजूला ठेवलं. मी नाव सांगितलं, काम सांगितलं. आपोआपच गावही सांगितलं.

“मसुऱ्याची?” त्याचा चेहरा बदलला आणि भाषाही. “मगे आधी सांगूचा नाय? बस गो बाय. चाय घेतलंस?”

हा दत्ताराम गावकर. या कारखान्याचा फोरमन. घर तोंडवलीला. कारखाना बंद झाल्यापासूनही रोज सायकलने सडा चढून येत होता. किटलीतला चहा गरमच होता. प्रेसवर ठेवलेला, थंड होणार कसा?

“काकानू, हे कशासाठी गरम ठेवता?” मी विचारलं.

“शेठ जातेवेळी म्हणालो, दत्ताराम, प्रेस गरम ठेव. चार-सा म्हयन्यांत परत सुरू करूया. म्हणान ठेवतंय.” त्याने प्रेसवरून हात फिरवला. “थंड पडले की गंजतले. हयसरली हवा खारी. एक पावस खाल्लो की ह्यो प्लेटी खलास.”

“आणि किती वर्षं झाली?”

“तिसरा चालू आसा.”

त्याने माझा कप पुन्हा भरला. मग तो स्वतःच म्हणाला, “माणसां जातेवेळी माका विचारी होती, काकानू, परत बोलावशात मां? मी म्हटलंय, प्रेस गरम आसत तवसर काळजी करू नकात. अजून फोन करतत. पयलो प्रश्न तोच. प्रेस गरम आसत मां?”

मला तिथून उठवेना. ऊब होती, मांजराची घुरघुर होती, आणि बाहेरून वाफेचा बारीक, संथ आवाज येत होता. पण डोक्यात आकडे आपोआप जुळत गेले. पार्कातली सगळ्यांत लांब लाइन. आवरण फाटलेलं. वर्षाचे चार महिने पाऊस थेट गरम पाइपावर. आणि दुसऱ्या टोकाला सात मोठे प्रेस, काही न करता तापलेले. एवढीशी ऊब टिकवायला बॉयलर दिवसरात्र कोळसा खात होता.

मीटरवर शून्य का, तेही कळलं. मोठ्या व्हॉल्व्हच्या बाजूला एक बारीक पाइप असतो, बायपास. मोठा व्हॉल्व्ह उघडण्याआधी लाइन हळूहळू तापवायला तो वापरतात. मीटर मोठ्या पाइपावर होता. वाफ बायपासने जात होती.

आणि बायपासचा व्हॉल्व्ह बॉयलर हाउसमध्ये होता.

मी तिथे गेले तर इब्राहिमभाई मला बघून उभे राहिले. त्यांना कळलं होतं.

“तीन दिवस माझ्याबरोबर चाललात,” मी म्हटलं.

“तुमी म्हटलास, मीटर चलता त्या लाइनी दाखवा. त्या लाइनीचो मीटर शून्यावर.” मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “जहाज सोडून इलंय तेव्हा माका हय कामाक दत्तारामानच लावल्यान. त्याना म्हटल्यान, थोडी वाफ सोड. मी सोडलंय. त्याका काय सांगू मी, मॅडम? शेठ येवचो नाय म्हणान?”

मी रागावणार होते. राग आला नाही.

लाइन बंद करायची तर ज्याचं युनिट त्याची परवानगी लागते. म्हणून मी शेठना फोन लावला. ते मुंबईला होते, दुसऱ्या धंद्यात. मी लाइनबद्दल बोलले तर आधी त्यांना समजेचना.

“कुठले प्रेस? ते तर भंगारात द्यायचे आहेत. बंद करा ना, माझी काही हरकत नाही.”

“दत्ताराम गावकर ते गरम ठेवतात. तुम्ही सांगितलं होतं म्हणून.”

फोनवर मागून दार लावल्याचा आवाज आला.

“दत्ताराम अजून जातो तिकडे?” ते हळू आवाजात म्हणाले. “मी बोललो होतो खरं. निघताना काहीतरी बोलायचं म्हणून... विसरलोच मी.” मग म्हणाले, “मी नाही सांगू शकत त्याला. तुम्ही सांगता का?”

सव्वीस वर्षांत मी अनेक वाईट बातम्या दिल्या होत्या. तुमचा बॉयलर धोकादायक आहे, तुमचे आकडे खोटे आहेत, असल्या. ही वेगळी होती. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुपारी गेले. धुकं नसताना सांगावं असं वाटलं. दत्ताराम दाराशी सावलीत बसून डबा खात होता. मी काही सजवलं नाही. शेठ कारखाना सुरू करणार नाहीत, प्रेस भंगारात जाणार, आणि या वाफेपायी शेजारच्या युनिटची ऑर्डर जाऊ शकते, तिथे तीनशे माणसं आहेत, एवढं सरळ सांगितलं.

त्याने घास खाल्ला. पाणी प्यायला.

“शेठ माका विसरलो होतो?”

“विसरले होते. मी नाव घेतल्यावर आठवलं.”

“बरां. आठावला तरी.” त्याने डबा बंद केला. समोरच्या सड्याकडे बघितलं. उन्हाने हवा थरथरत होती. “बंद करूया,” तो म्हणाला. “पण माका आंगणेवाडीच्या जत्रेपर्यंत वेळ दी. माणसां जत्रेक गावाक येतली. त्यांका मी शब्द दिललंय. तेंच्यासमोर बंद करतंय. फोनार सांगूचा नाय.”

वानखेडे साहेबांना हे सांगितलं तर ते खुर्चीतून उठले.

“जत्रा कधी आहे?”

“अजून ठरली नाही.”

“म्हणजे?”

“देवीचा कौल मिळतो, मग तारीख ठरते. कॅलेंडरवर नसते.”

“मॅडम,” ते म्हणाले, “मी रिपोर्टमध्ये काय लिहू? देवी सांगेल तेव्हा उत्सर्जन कमी होईल?”

मला हसू आलं, पण ते खरंच अगतिक झाले होते. “साहेब, उद्या आपण कुलूप घालू शकतो,” मी म्हटलं. “पण तो व्हॉल्व्ह तीन वर्षं माणसांनी हाताने उघडा ठेवलाय. त्यांच्या मनातून बंद झाला नाही तर कुलपाने काय होणार? दोन महिन्यांनी मीटर पुन्हा शून्य दाखवेल आणि कोळसा पुन्हा जळेल. त्याला स्वतः बंद करू दे.”

“आणि तपासणी जत्रेच्या आधी आली तर?”

“तर मी दाखवीन.”

तपासणी आधीच आली. जत्रेला आठ दिवस होते. ग्राहकाच्या वतीने चेन्नईहून एक बाई आल्या. मितभाषी, पायात जाड बूट. सगळं टिपून घेणाऱ्या. ओला कोळसा बघितला, खडूच्या फुल्या बघितल्या, गेटवर घुरघुरत उभे असलेले ट्रक बघितले. वानखेडे साहेब डोळ्यांनी मला खुणावत होते की आता पुरे. मी बाईंना रबराच्या लाइनकडे घेऊन गेले. त्या क्षणी तीनशे माणसांचं काम माझ्या बोलण्यावर होतं आणि मी एक म्हातारा, सात प्रेस आणि एक जत्रा यांची गोष्ट सांगत होते. इंग्रजीत. इंग्रजीत ती फारच विचित्र वाटत होती.

बाईंनी उघड्या पाइपाजवळ हात धरला. प्रेस बघितले. दत्तारामने त्यांना चहा दिला. त्यांनी तो उभ्यानेच प्यायला आणि त्या म्हणाल्या, इतक्या पार्कांत मी फिरते, लोक माझ्यापासून गळती लपवतात. तुम्ही सगळ्यांत मोठी गळती स्वतःहून दाखवलीत. मग वही उघडून त्यांनी लिहिलं: लाइन बंद करण्याची तारीख आणि त्यानंतरच्या एका महिन्याचा कोळसा कळवावा, तोपर्यंत निर्णय राखून.

वानखेडे साहेब गाडी जाईपर्यंत हात जोडून उभे होते.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात माणसं जमली. वीस तरी असतील. जत्रेची जागरणं डोळ्यांत होती, कपाळाला अंगारा होता, काहींच्या हातात परतीच्या बॅगा. एक गोव्यात हॉटेलात होता. एक मुंबईत टेम्पो चालवत होता. एकाचं कुणकेश्वरला देवळाजवळ सरबताचं दुकान. तोंडवलीचे तिघे पुन्हा मासेमारीला लागले होते. ते प्रेसपाशी गेले तसे न बोलता आपापल्या जागी उभे राहिले. कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येकाने एकेक हात गरम लोखंडावर ठेवला.

दत्तारामने घसा साफ केला. “माका तुमका एक सांगूचा आसा,” तो म्हणाला. “कारखानो सुरू होवचो नाय. मी तुमका गरम ठेवतंय म्हटलेलंय. आज बंद करतंय. माका माफ करा.”

मग सरबतवाला, संतोष त्याचं नाव, पुढे आला.

“काकानू, आमका म्हायत होता.”

“काय?”

“सुरू होवचो नाय ता. पयल्याच वर्सा कळलेला. सगळ्यांका. पण तुमी रोज येतास म्हणान... फोन केलो की आमी आपले विचारी होतो, प्रेस गरम आसत मां? तुमका बरां वाटुचा म्हणान.”

दत्ताराम त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने एकेकाकडे बघितलं. प्रत्येकाने मान खाली घातली.

“मेल्यांनो,” तो म्हणाला, “आणि मी तुमका बरां वाटुचा म्हणान गरम ठेवी होतंय!”

तो हसायला लागला. इतका हसला की त्याला स्टुलावर बसवावं लागलं. मग सगळेच हसले. हसता हसता दोघातिघांनी डोळे पुसले. मीही पुसले.

त्याने खिशातून मोबाइल काढला, स्पीकरवर लावला आणि बॉयलर हाउसला फोन केला.

“इब्राहिम. बंद कर.”

“करतंय,” पलीकडून आवाज आला. आणि थोड्या वेळाने, “केलंय रे.”

आम्ही थांबलो. आधी काहीच झालं नाही. मग लांबून, सड्यावरून, टक् असा आवाज आला. गरम पाइप थंड होताना आक्रसतो, त्याचा हा आवाज. पुन्हा टक्. आणखी जवळून. टक्. कोणीतरी पाइपावरून आमच्याकडे चालत येतंय असं वाटत होतं. बाहेरच्या खांबापर्यंत आला, भिंतीतून आत आला, पहिल्या प्रेसमध्ये शिरला, दुसऱ्यात, तिसऱ्यात. माणसं आपापल्या प्रेसवर हात ठेवून उभी होती. तास, दोन तास गेले असतील. कोणाची बस चुकली, कोणी घड्याळ बघितलं नाही. लोखंड हाताखाली हळूहळू थंड होत गेलं.

मग मी त्यांना माझ्या धंद्यातली एक साधी गोष्ट सांगितली. लोखंड गंजू नये म्हणून ते गरम ठेवायची गरज नसते. कोरडं करून ग्रीस चोपडलं तरी वर्षानुवर्षं टिकतं. दत्तारामला हे माहीत होतं. फोरमनच तो. मी आणलेला ग्रीसचा डबा पुढे केला तेव्हा माझ्याकडे बघून फक्त म्हणाला, “ग्रिशीन घर असल्यासारखा वाटणा नाय गो.” दुपारपर्यंत सगळ्यांनी मिळून सातही प्रेसना ग्रीस लावलं. भंगारात जायचे होते तरी लावलं.

पुढचं थोडक्यात. बायपास कापून त्या जागी लोखंडी तबकडी बसवली, म्हणजे पुन्हा कोणी उघडायचा प्रश्न नाही. मेलेले ट्रॅप बदलले. कोळशावर छप्पर आलं. महिन्याभराचा कोळसा मोजला, तो खाली आला. मी कागदावर धरला होता तितका नाही, कारण बॉयलर मोठाच होता आणि आता त्याचं काम आणखी कमी झालं होतं. पुढच्या वर्षी लहान बॉयलर आला तेव्हा कुठे आकडा जागेवर बसला. ग्राहक टिकला. वानखेडे साहेबांना झोप लागू लागली. गेटवरच्या दोनशे झाडांपैकी बरीच जगली, पण ती आमच्या आकड्यात कुठेच मोजली गेली नाहीत, याचं त्यांना आजही वाईट वाटतं.

दत्तारामला पार्कने स्टीम ट्रॅपच्या देखभालीचं काम देऊ केलं. तो नको म्हणाला. भावाच्या आंब्याच्या बागेत कलमं बांधायला जातो. एकदा मी भेटायला गेले तर म्हणाला, झाडाक वाफ लागणा नाय, बरां आसा.

रिपोर्टमध्ये त्या लाइनपुढे कारण लिहायचं होतं. फॉर्ममध्ये पर्याय होते: यंत्रातील दोष, देखभालीचा अभाव, चुकीची रचना. यातलं एकही खरं नव्हतं. मी ‘इतर’वर खूण केली आणि पुढच्या दोन इंचांत मावेल तेवढं लिहिलं.

त्यानंतर अनेक पार्क बघितले. कोणी विचारलं, सुरुवात कुठून करायची, तर मी सांगते की आधी बंद पडलेल्या युनिटांची यादी मागा, आणि मीटर शून्य दाखवत असला तरी तिथला पाइप हाताने बघून या. हातमोजा घालून. मी घातला नव्हता, चटका बसता बसता राहिला.